गुणाकारात हरवणारे ऊन

पावसाळ्याचे चार महिने वगळले तर सुरगाणा तालुक्यात उन्हाला तोटा नाही. इथल्या निवासी आश्रमशाळांत मुलांचा दोन वेळचा स्वयंपाक मोठाल्या पातेल्यांत होतो आणि इंधनाचा खर्च वर्षभर चालूच राहतो. अशा ठिकाणी छतावर भिंग बसवावे, त्याने गोळा केलेले ऊन ऑप्टिकल फायबरच्या जुडीतून थेट चुलीपर्यंत आणावे, ही कल्पना कोणालाही भुरळ घालेल. भिंगाखाली पेटलेला कागद सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे तिच्यावर चटकन विश्वासही बसतो. तरीही स्वयंपाकासाठी भिंग-फायबरवर सरकारी पैसा घालू नये, तो आरशांवर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. अ‍ॅक्रिलिकच्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो. दोन पृष्ठभाग आणि थोडे शोषण धरले की 90 टक्के पुढे जातो. फायबर गोल असतात. कितीही घट्ट बांधले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि जुडीच्या तोंडाचा जास्तीत जास्त 91 टक्के भागच कामाला येतो. फायबरच्या दोन्ही टोकांना मिळून आणखी 8 टक्के जातात. प्लास्टिक फायबरमध्ये मीटरमागे 0.15 डेसिबलची घट धरली, तर 10 मीटरनंतर 71 टक्के प्रकाश उरतो. एकेकटा आकडा चांगलाच दिसतो, पण सगळ्यांचा गुणाकार 53 टक्क्यांच्या आसपास येतो. भिंगावर बसलेली धूळ आणि सूर्याचा माग घेताना होणारी चूक यात धरलेलीच नाही. शिवाय हा हिशेब थेट उन्हाचा आहे. ढगांतून विखुरलेला उजेड भिंगाला एका बिंदूवर आणताच येत नाही.

उष्णतेच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते आणि प्लास्टिक फायबर त्यातला बराच भाग वाटेतच शोषून घेते. नेहमीचे असे फायबर 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणजे पाणी उकळण्याच्या आधीच. सिलिकाच्या फायबरला हे दोष नाहीत, पण त्याची जाड जुडी शाळेच्या स्वयंपाकघराला परवडणारी नाही. उलट वोल्फगांग शेफलर यांनी घडवलेल्या सौर तबकडीत ऊन आरशावर एकदाच परावर्तित होते. पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या आसाभोवती तबकडी फिरत राहते आणि तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही. ऊन एका ठरलेल्या जागी आणायला फायबर हवे होते, ते काम इथे भूमितीनेच होते. शिर्डीच्या साई संस्थानच्या प्रसादालयावर 2009 पासून प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या अशा 73 तबकड्या वाफ तयार करण्यासाठी बसवलेल्या आहेत.

शिर्डीत पाऊस कमी, सुरगाण्यात धो धो, हा आक्षेप रास्त आहे. पण शिर्डीतही ही यंत्रणा आधीच्या बॉयलरला जोडूनच बसवली. इथेही गॅस काढायचा नाही, आठ महिने त्याचा वापर कमी करायचा आहे. आरसे पुसायला आणि ऋतूनुसार तबकडीचा कोन बदलायला माणूस लागेल, हेही खरे. त्याचा पगार पहिल्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत तबकड्या गंजतील. फायबर निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानमध्ये केई मोरी यांच्या ‘हिमावारी’ या भिंग-फायबर यंत्रणेने ते अंधाऱ्या खोल्यांत सूर्यप्रकाश पोहोचवू शकते, हे दाखवले आहे. पण वर्गातल्या उजेडासाठी सौर पॅनेल आणि एलईडी सोयीचे. पॅनेल ढगाळ उजेडातही थोडी वीज देते आणि बॅटरी असेल तर मुलांना रात्रीही वाचता येते.

म्हणून आदिवासी विकास विभागाने अशा कोणत्याही यंत्राची निविदा काढताना भिंगाची किंवा आरशाची सुटी कार्यक्षमता विचारू नये. डिसेंबरमधल्या निरभ्र दुपारी एका तासात पातेल्यातले किती लिटर पाणी उकळले, हा आकडा मागावा, आणि त्याची मोजणी शाळेच्या अंगणातच करून घ्यावी.