गाडी जुनी चालेल, थांबणे जुने नको

आमच्या अब्बांची 1972 सालची फियाट 1100 अजून घरात आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने विकली गेली. स्टिअरिंगजवळचा गिअर तोच, रंग तोच. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही तेच.

गेल्या पावसाळ्याआधी खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक लागेना. तीन-चार वेळा पंपिंग केले तेव्हा गाडी थांबली. पुढे एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. तिला काही कळलेही नाही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

पुढच्या चाकांना डिस्क बसवू, असे मी म्हटले तर भाईजान नाराज झाले. म्हणाले, "मग ती अब्बांची गाडी राहील का?" त्यांचे दुःख मला समजते. पण ते मला पटत नाही.

सतत ब्रेक मारला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून दूर जातो. पेडल खोल जाते आणि लायनरची पकडही सुटते. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते, पाणीही झटकून टाकते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ही गाडी ज्या रस्त्यांसाठी बनली, ते रस्ते आता उरलेले नाहीत. आपल्या पुढची नवी गाडी झटकन थांबते. आपण थांबत नाही.

मात्र भंगारातून कुठल्याही गाडीची डिस्क आणून ठोकणे म्हणजे सुधारणा नव्हे. डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर हवा. मास्टर सिलिंडर मापाचा आणि दोन सर्किटचा हवा, म्हणजे एक पाइप फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असताना दाबाचा तोल सांभाळला नाही, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. एवढे जमत नसेल तर निदान जुने रबरी होज, सिलिंडर, लायनर आणि ब्रेक ऑइल तरी नवे घाला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते; ती धूळ हवेने फुंकू नका.

कायद्याचेही पाहावे. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असण्यावर भर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारावे. काही कापू नये, जुने सुटे भाग पेटीत जपून ठेवावेत. उद्या कुणाला मूळ रूप हवे असेल तर परत बसवता येईल.

गाडीचा रंग, गादी, हॉर्न ही मालकाची हौस आहे. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक मालकासाठी कमी आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी जास्त असतो. आपल्या आठवणींची किंमत त्याने का मोजावी?

भाईजानना मी एवढेच म्हटले, "अब्बांनी वारसा म्हणून गाडी ठेवली, अपघात नाही." ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा नंबर त्यांनीच पाठवला.