बावीस बोराच्या रायफलीस दुर्बीण कोणती घ्यावी?

सन २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींतील नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. त्यामुळे शेतकरी कुटुंबांतील तरुणांचे मन या विद्येकडे ओढले जावे हे स्वाभाविक आहे, व ते इष्टही आहे. परंतु मुलाचे नाव क्लबात दाखल होताच रायफलीवर बसविण्याच्या दुर्बिणीची मागणी घरात सुरू होते आणि व्यापारी जी सर्वांत मोठी दाखवील तीच उत्तम, असा समज होऊन बसतो. हा समज खर्चाचा आहेच. शिवाय तो धोक्याचाही आहे. म्हणून या विषयी चार शब्द लिहिणे आम्हास अवश्य वाटते.

प्रथम दुर्बीण कोणास हवी याचा विचार करू. वरील पदक ज्या प्रकारात मिळाले त्यात रायफलीवर दुर्बीण लावण्यास नियमानेच मनाई आहे. तेथे छिद्र व माशी यांवरच नेम धरावा लागतो. तेव्हा ज्या मुलास सामन्यांत उतरावयाचे आहे त्याने दुर्बिणीचा नाद सोडून दम रोखणे, खांदा स्थिर ठेवणे व घोडा हळू दाबणे यांचाच अभ्यास करावा. दुर्बिणीची खरी गरज आहे ती त्याच्या वडिलांस. चाळिशी उलटली म्हणजे मागची खाच, पुढची माशी व दूरचे निशाण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीत मात्र फुली व निशाण एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, आणि डोळ्याची ही अडचण दूर होते. मोठे दिसणे हा दुय्यम लाभ होय.

आता दुर्बीण कोणती? आमचे स्पष्ट मत असे की, चौपट दाखविणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची, एकाच शक्तीची साधी दुर्बीण बावीस बोरास पुरेशी आहे. याचा हिशेब सोपा आहे. भिंगाच्या रुंदीस शक्तीने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटर. माणसाची बाहुली अंधारातही सुमारे ७ मिलिमीटरहून अधिक उघडत नाही व उतारवयात त्याहून कमी उघडते. म्हणजे येथे काहीच उणे पडत नाही, आणि मान थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र नाहीसे होत नाही. त्याच भिंगावर नऊपट शक्ती घेतली तर झोत अवघा साडेतीन मिलिमीटर उरतो. चित्र अंधुक होते व हाताचा प्रत्येक कंप नऊपट दिसून माणूस घाबरून घोडा ओढतो. बावीस बोराची गोळी ५० वारांवर बरोबर लावली तर १०० वारांवर सुमारे ६ ते ७ इंच खाली पडते. इतक्या जवळच्या कामास मोठी शक्ती घेणे म्हणजे परसातल्या विहिरीस दहा अश्वशक्तीचा पंप बसविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती विकत घेताना कोणी विचारीत नाही. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० वारांच्या अंतरास जुळविलेल्या असतात. बावीस बोरास ५० वारांस जुळविलेली हवी. याची परीक्षा अशी: रायफल वाळूच्या पिशव्यांवर अचल ठेवून ५० वारांवरील निशाण पाहावे आणि रायफलीस स्पर्श न करता डोळा डावी-उजवीकडे हलवावा. फुली निशाणावरून सरकू लागली तर ती दुर्बीण आपल्या कामाची नव्हे.

तिसरी गोष्ट कड्यांची. जी रक्कम खर्चावयाची तिचे चार भाग करून तीन दुर्बिणीस व एक बळकट कड्यांस द्यावा. कडी ढिली असेल तर उत्तम भिंगही व्यर्थ. बहुतेक बावीस बोरांच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खाच असते. कड्या तीत घट्ट बसतात की नाही हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. ज्यांच्याकडे स्प्रिंगची हवाई रायफल आहे त्यांनी तर विशेष जपावे. तिचा धक्का मागे व लगेच पुढे असा दुहेरी असल्याने बावीस बोरावर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण तिच्यावर लवकर निकामी होऊ शकते. तिच्यासाठी म्हणून बनविलेलीच दुर्बीण घ्यावी.

आता धोक्याविषयी. दुर्बीण लागली म्हणजे ही रायफल रानडुकरांपासून पीक राखील, असे काही बंधूंस वाटते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या, व ती अपुरी असेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या, बंदुकीचा उल्लेख आहे. बावीस बोराची रायफल त्यात मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठी सांगितली आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून रानडुकरास मारणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी ही हलकी गोळी त्या जनावरास मारीत नाही, जखमी करून सोडते. आणि जखमी डुकराची गाठ दुसऱ्या दिवशी खुरपणीस आलेल्या बायकांशी पडते.

तसेच या काडतुसाची गोळी सुमारे दीड मैल जाऊ शकते, आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्यास फुलीभोवतीच्या थोड्याशा वर्तुळापलीकडे काही दिसत नाही. शक्ती जितकी अधिक तितके ते वर्तुळ लहान. दुर्बिणीने लांबचे माणूस ओळखण्याची सवय तर अत्यंत वाईट. कारण जिकडे दुर्बीण तिकडे नळी. पाहण्यासाठी हातातली दुर्बीण वेगळी ठेवावी. बांधापलीकडे कोण आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून रायफलीस गाल लावू नये.

शेवटी एक सूचना. एकाच क्लबात जाणाऱ्या सभासदांनी प्रथम मिळून एकच साधी दुर्बीण घ्यावी व क्लबाच्या मैदानावर प्रत्येकाने ती आपापल्या रायफलीवर लावून पाहावी. रायफल परवान्याची असल्याने दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही, दुर्बिणीस तशी अडचण नाही. चार महिन्यांच्या अनुभवानंतर ज्यास खरोखर गरज वाटेल त्याने स्वतःची घ्यावी. बाकीच्यांचे पैसे बियाण्यास उपयोगी पडतील.