शी नव्हे, जीव



गेल्या रविवारी जर्मनीहून नातवाचा फोन आला. नऊ वर्षांचा आहे. मित्राच्या डब्यातले चिप्स खाल्ले आणि ते रातकिड्यांच्या पिठाचे होते हे नंतर कळलं, असं त्याने आईला न सांगता मला सांगितलं. मी म्हटलं, "अरे, किडे?" तर म्हणतो, "आजी, तू म्हणायचीस तसं शी वगैरे काही नव्हतं. मस्त कुरकुरीत होते."

रागावणार कुणावर? तो इथे होता तेव्हा फ्लॉवरमध्ये अळी निघाली की "शी, किडा!" म्हणून ओरडणारी मीच. न खाण्याचं कारण म्हणून मी त्याला किळस दिली, आणि ती एका घासात संपली.

आपल्याकडे पिठाला मर्यादा आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. सासूबाई डब्याच्या झाकणावर खडूने तारीख घालायच्या. पिठात जीव पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप, आणि आता किड्यांचंच पीठ दुकानात आलंय.

ज्यांना हा माल विकायचा आहे त्यांना किळस कशी घालवायची ते नीट कळलंय. पाय, पंख, डोळे दिसू द्यायचे नाहीत. दळायचं आणि बिस्किटात, पावात, चिप्समध्ये मिसळायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. जगात सुमारे २ अब्ज लोक किडे खातात, असा अंदाज त्यात आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मीलवर्म नावाच्या अळ्यांना आणि टोळांना परवानगी दिली, पुढच्या वर्षी रातकिड्यांना. सिंगापूरने २०२४ मध्ये १६ जातींना दिली. मी बी.कॉम. झालेली बाई. माल खपत नसला की वेष्टन बदलतात, हे मला नवीन नाही. ज्याची हरकत नुसती किळसेची आहे, तो आज ना उद्या गिऱ्हाईक होणारच.

आपली हरकत किळसेची नव्हतीच मुळी. मद्य, मांस, मधाबरोबर पाच उदुंबर फळं का सोडायची? उंबर काय घाणेरडं असतं? आत जीव असतात म्हणून सोडायचं. टोळ, भुंगा, मधमाशी हे चार इंद्रियांचे त्रस जीव. दळले म्हणून ते कमी होत नाहीत, उलट किलोभर पावडरीला काही हजार रातकिडे लागतात.

भाचा म्हणाला, "मावशी, पर्यावरणाचं काय? गोमांसापेक्षा याला जमीन, पाणी कितीतरी कमी लागतं." खरं आहे, मी नाकारत नाही. पण गोमांस आपल्या ताटात होतं कधी? तूर, मूग, हरभऱ्यात शेकडा २० च्या वर प्रथिनं आहेत. तुलना करायची तर त्यांच्याशी कर. मग तो म्हणाला, शेतीत किडे मरतातच की! मरतात. ती उद्योगी हिंसा, तिचंही पाप आहेच. पण मारण्यासाठीच पेट्यांत लाखांनी वाढवायचे आणि गोठवून किंवा उकळत्या पाण्यात घालून मारायचे, ही संकल्पी हिंसा. दोन्ही एका वहीत मांडता येत नाहीत. (ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे लाल मुंग्यांच्या चटणीला, २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथल्या आदिवासींशी माझं भांडण नाही. त्यांनी आपल्याला कधी फसवून काही खाऊ घातलेलं नाही.)

"परदेशातलं आहे, आपल्याला काय?" म्हणणाऱ्यांसाठी आता घरचं सांगते. आमच्या पाठशाळेत मुलांना चकचकीत चॉकलेट गोळ्या वाटल्या. मी चष्मा लावून पाकीट वाचलं, तर चकाकीसाठी ९०४. म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्यांपासून केलेलं. वाटणाऱ्या अक्का म्हणाल्या, "हिरवा ठिपका आहे की!" आहेच. कारण आपल्या देशाच्या लेबलाच्या नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत किडे येतात, पण मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅक त्यातून वगळलेत. मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका दिसतो तो यामुळेच. सरकारचा शाकाहार आणि श्रावकाचा आहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार नावानिशी सांगितलाय, आणि आपण ती लाख पाठशाळेत बक्षीस म्हणून वाटतो!

तेव्हा ठिपका बघून थांबू नका, घटक वाचा. मुलं युरोपात असतील तर त्यांना दोन नावं लिहून पाठवा: अकेटा डोमेस्टिकस म्हणजे रातकिडा, टेनेब्रिओ मोलिटर म्हणजे मीलवर्म. तिथे ही नावं लेबलावर छापावीच लागतात. आणि ई १२० म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग. एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे.

बुधवारी मीच नातवाला फोन केला. शी म्हटलं नाही. विचारलं, "टोळाला किती इंद्रियं?" पाठशाळेत शिकलेला, लगेच म्हणाला, "चार." "आणि रातकिडा?" जरा थांबून म्हणाला, "तोपण त्यांच्यातलाच." मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "आजी, मग तुझ्या रेशमी साड्या?"

कोष आतल्या जिवासकट उकळतात, एका साडीला हजारो. माझ्या कपाटात अकरा आहेत. पंचकल्याणकाला नेसलेल्या, सुनेसाठी जपून ठेवलेल्या. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी पुन्हा फोन येईल.