जुना फिल्म कॅमेरा : आधी बॅटरी, मग शटर

रोजमेळ जुळत नसला की जाणता मुनीम आधी हातातील शिल्लक मोजतो आणि मगच नोंदींकडे वळतो. बंद पडलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या बाबतीतही असाच क्रम उपयोगी ठरतो. लग्नकार्ये, यात्रा आणि दुकानाचे मुहूर्त टिपणारे हे कॅमेरे अनेक घरांच्या कपाटांत आजही आहेत. ‘बिघडला’ म्हणून त्यांतील कित्येक भंगारात जातात. वस्तुतः पुष्कळदा दोष एका लहानशा बॅटरीचा असतो.

तथापि बॅटरीच्याही आधी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे. मागचे झाकण उघडण्यापूर्वी वरच्या डाव्या बाजूची रिवाइंडची चकती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ती अडली, तर आत रोल आहे असे समजावे. अशा वेळी झाकण उघडल्यास प्रकाश पडून चित्रे नष्ट होतात. आणि त्या रोलवर आज हयात नसलेल्या आजी-आजोबांची छबी असू शकते. तळाचे छोटे बटण दाबून, अडथळा संपेपर्यंत चकती फिरवून रोल गुंडाळून घ्यावा आणि फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा. रंगीत रोलचे रंग काळाच्या ओघात विटतात. कृष्णधवल रोल अधिक तग धरतो.

यानंतर कॅमेऱ्याचा प्रकार ओळखावा. १९७६ साली आलेल्या ‘पेंटॅक्स के १०००’चे शटर पूर्णतः यांत्रिक आहे, त्यातील बॅटरी केवळ प्रकाशमापकासाठी असते. त्याच वर्षीच्या ‘कॅनन एई-१’चे शटर मात्र सहा व्होल्टच्या बॅटरीविना उघडतच नाही. ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ अधिक फसवा आहे. बॅटरी संपली तरी त्याचा खटका वाजतो. पण शटर केवळ १/५०० सेकंद उघडते आणि कमी उजेडातील सर्व चित्रे काळीकुट्ट येतात. ‘ऑलिंपस ट्रिप ३५’ला तर बॅटरीच लागत नाही, त्याचा प्रकाशमापक सेलेनियमवर चालतो.

आता बॅटरीचा कप्पा उघडावा. आत पांढरी वा हिरवट भुकटी साचली असेल, तर तो गळलेल्या बॅटरीतील क्षार होय. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस वा व्हिनेगर किंचित घेऊन तो पुसावा, नंतर स्पिरिट लावून कोरडे करावे. धातूची पट्टी चकचकीत दिसली पाहिजे. नवी बॅटरी बसवताना धन-ऋण बाजू कप्प्यातील खुणेशी ताडून पाहाव्यात.

येथे एक अडचण संभवते. १९६०-७० च्या दशकांतील अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेले होते. पारा विषारी असल्याने त्या बाजारातून गेल्या. त्याऐवजी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घातल्यास अनेक प्रकाशमापक प्रत्यक्षाहून अधिक उजेड दाखवतात आणि चित्र काळपट येते. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरासोबत घसरत जातो. झिंक-एअर बॅटरी पाऱ्याच्या दाबाच्या जवळ जाते, पण काही महिन्यांतच संपते. १.५ व्होल्टवरच चालणाऱ्या कॅमेऱ्यांत सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी उत्तम. तिचा दाब अखेरपर्यंत जवळपास स्थिर राहतो.

बॅटरी ठीक असूनही काम होत नसेल, तर शटर पाहावे. रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून, खिडकीकडे रोखून प्रत्येक वेगावर खटका दाबावा. एक सेकंदाच्या वेगावर शटर दीडदोन सेकंद उघडे राहिले, तर आतील वंगण घट्ट झाले आहे. सर्वांत जलद वेगावर उजेड दिसलाच नाही, तर पडदा नीट उघडत नाही. याशिकासारख्या लेन्समधील शटरच्या पात्यांना तेल लागले की ती चिकटतात. पडद्याला बोट लावू नये, तेलाचा थेंब तर मुळीच सोडू नये. येथून पुढचे काम अनुभवी कारागिराचे. कोणत्या वेगावर काय घडले, हे कागदावर लिहून नेल्यास त्याचा वेळ व मालकाचा खर्च दोन्ही वाचतात.

कॅमेरा ठेवून देताना बॅटरी काढावी, शटरचा ताण सोडावा, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत ठेवावी. जुनी पाऱ्याची बॅटरी कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा संकलनाकडे सोपवावी.