कबुली सोपी, दाद अवघड

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांत वसलेले काठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील राजवाडी होळीमुळे. उंच बांबू उभा करून पहाटे पेटविली जाणारी ही होळी पाहण्यासाठी पाड्यापाड्यांतून आणि शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातून हजारो लोक लोटतात. पूर्वी या गर्दीत पायी येणारेच अधिक असत. आज मोटारसायकली, जीप आणि पिकअप गाड्यांची रांग लागते. डोंगरात रस्ता गेला, रस्त्यामागून वाहन गेले आणि वाहनामागून मोटार वाहन कायदाही गेला. यात वावगे काहीच नाही. मात्र कायद्याचा दंड ज्या सहजतेने डोंगर चढतो त्या सहजतेने कायद्याचे न्यायालय चढते काय, हा प्रश्न कधीतरी विचारला पाहिजे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वेगमर्यादा ओलांडल्याचा आरोप, त्यापायी हजार-दोन हजारांचा दंड. एवढ्यासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? पैसे भरावेत आणि मोकळे व्हावे, असाच सल्ला शहाणी माणसे देतात. सल्ला व्यवहाराला धरून आहे, पण ज्या समाजात निरपराध माणसालाही हाच सल्ला द्यावा लागतो, त्या समाजाच्या न्यायव्यवस्थेत कोठेतरी उणे आहे हे मान्य करावे लागेल.

वेगाचा गुन्हा क्षुल्लक नाही

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. बेफाम वाहन हाकणाऱ्यांची तरफदारी करण्याचे काही कारण नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खाती आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५ हजार २२४ जण दगावले. वाहनाचा वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेतील विज्ञानाचे पुस्तकही सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी चांदशैली घाटात उलटली आणि अनेक घरांत दिवाळीचा दिवा लागलाच नाही. प्रत्येक अपघाताचे कारण वेगच असते असे नव्हे; वळणे, उतार आणि गाडीत कोंबलेली माणसे यांचाही वाटा असतो. तथापि घाटाच्या वळणावर वेगाला क्षमा नसते, हे सातपुड्यातील माणसाला कोणी शिकवायला नको.

गुन्हा गंभीर आहे म्हणूनच त्याचा आरोप काटेकोरपणे सिद्ध झाला पाहिजे. आरोप जितका जड, तितकी पुराव्याची जबाबदारी मोठी, हा न्यायाचा जुना दंडक आहे.

कायद्याचा मूळ हेतू

वेगाचा खटला ही काही आजची गोष्ट नाही. १८९६ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात एका मोटारचालकाला ताशी दोन मैलांच्या मर्यादेत आठ मैलांनी गाडी हाकल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला होता. त्याला सायकलवरून पाठलाग करून पकडणारा पोलीस होता. त्यानंतर घड्याळाची जागा यंत्राने घेतली. आपल्याकडे १९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला फार तर ४०० रुपये असलेला दंड हलक्या वाहनासाठी १ हजार ते २ हजार, आणि मध्यम व अवजड वाहनासाठी २ हजार ते ४ हजार रुपयांवर गेला.

या कायद्याचे १८३ वे कलम वाचण्यासारखे आहे. केवळ एका साक्षीदाराला वाहन भरधाव वाटले, एवढ्यावर कोणालाही दोषी ठरविता येणार नाही. त्याच्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार हवा, असे हे कलम बजावते. २०९ वे कलम त्याहून पुढे जाते. गुन्ह्याच्या वेळी चालकाला खटल्याची जाणीव दिली गेली असली पाहिजे, किंवा १४ दिवसांच्या आत घटनेचा प्रकार, वेळ आणि स्थळ सांगणारी नोटीस चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला पाठविलेली असली पाहिजे, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असले पाहिजे. काही अपवाद सोडता एरवी शिक्षा होऊ शकत नाही. २०२१ साली केंद्रीय नियमांत भर पडली. वेग टिपणाऱ्या उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करून घेतले पाहिजे. त्या टप्प्यापूर्वी वाहनचालकांना सूचना देणारा फलक हवा. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे.

नागरिकाच्या बाजूने इतकी तटबंदी उभारलेली असताना तक्रार कशाची? तक्रार अशी की, ही सारी तटबंदी न्यायालयाच्या आवारात आहे. प्रमाणपत्र दाखवा, फलक कोठे होता ते सांगा, नोटीस केव्हा निघाली ते सिद्ध करा, असे विचारण्याची जागा न्यायाधीशांसमोर आहे. तेथवर जो पोहोचत नाही, त्याच्यासाठी ही कलमे छापील अक्षरांपलीकडे काही नाहीत.

दोन वाटांतील अंतर

आता डोंगरातील माणसाच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. समजा, काठीचा एखादा तरुण घाट उतरून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गाला लागला आणि त्याच्या गाडीवर वेगाचा ठपका आला. चलानाचा संदेश जातो तो वाहनाच्या नोंदणीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, नाव बदललेले नाही. संदेश भलत्याच माणसाला मिळतो. क्रमांक स्वतःचा असला तरी डोंगरात संपर्काची रेघ कधी उमटते, कधी पुसते. संदेश मिळाला, तरी त्यातील भाषा त्याच्या घरातील भाषा नसते. गुन्हा कळेपर्यंत उलटतपासाला उपयोगी पडणाऱ्या साऱ्या आठवणी विरून जातात.

त्यानंतर त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. पहिली, गुन्हा मान्य करून तडजोड शुल्क भरण्याची. दुसरी, गुन्हा नाकारून दाद मागण्याची. पहिली वाट काही क्षणांची आहे. दुसऱ्या वाटेवर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, वकिलाची फी आणि पुढची तारीख आहे. त्या तारखेनंतर आणखी एक तारीख आहे. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे दोन हजारांचा दंड हाच मुळी सहा दिवसांहून अधिक घामाचा मोबदला. तरीही दोन-तीन हेलपाट्यांचा खर्च त्या दंडाला सहज गाठतो. अशा स्थितीत अपराधी आणि निरपराध दोघेही एकच रक्कम भरतात, आणि शासनाच्या दप्तरी दोघांचीही नोंद अपराधी अशीच होते.

हे काठीपुरतेच खरे आहे असे मानण्याचे कारण नाही. शहादा-तळोद्याच्या शाळेतील शिक्षक असो, नंदुरबारच्या कचेरीतील कारकून असो किंवा पुण्यात शिकणारा विद्यार्थी असो, रजा टाकून न्यायालयात उभे राहण्यापेक्षा पैसे भरणे त्यालाही सोयीचे वाटते. सपाटीवरच्या माणसाची जी गैरसोय, ती डोंगरातल्या माणसाची असमर्थता ठरते, एवढाच फरक.

खरे पाहता कायद्याचा कल पूर्वीपासूनच कबुलीकडे आहे. २०८ व्या कलमाने आरोपीला टपालाने गुन्हा कबूल करून मनीऑर्डरने रक्कम पाठविण्याची मुभा दिली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले, ही स्वागतार्ह सुधारणा होती. पण तिचाही लाभ प्रामुख्याने गुन्हा मान्य करणाऱ्यालाच. तो घरबसल्या मोकळा होतो. नाकारणाऱ्याचे प्रकरण मात्र नेहमीच्या न्यायालयाकडे, नेहमीच्या तारखांकडे वळते. टपाल गेले, संगणक आला. कबुलीची वाट अधिकाधिक गुळगुळीत झाली आणि नकाराची वाट होती तशीच खडकाळ राहिली.

तडजोड म्हणजे निवाडा नव्हे

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. न्यायालयाचे दार सताड उघडले तर खरे गुन्हेगारही त्यातून शिरतील, खटल्यांचा ढीग वाढेल आणि दंडाचा धाक संपेल, असे म्हटले जाते. दंड थकवून लोकअदालतीची वाट पाहणारे आणि तेथे सवलत मागणारे महाभाग आज आहेतच. वेळेवर दंड भरणाऱ्याला पूर्ण रक्कम आणि टाळाटाळ करणाऱ्याला सूट, हा न्याय उलट्या काळजाचा आहे. पण हा दोष दाद मागणाऱ्याचा नाही. लोकअदालतीत तडजोड होते, आरोपाची शहानिशा होत नाही. तेथे माणूस अपराधी होता की नव्हता हे कोणी ठरवीत नाही. किती रक्कम द्यायची एवढेच ठरते. ज्याने मर्यादा ओलांडली त्याने निमूटपणे आणि तत्काळ दंड भरावा, हेच नागरिकाला शोभते. ज्याने ओलांडली नाही त्याला सवलत नको आहे, सुनावणी हवी आहे. या दोघांना एकाच रांगेत उभे करणे, हीच मूळ चूक.

सुनावणीचा लाभ एकट्या आरोपीलाच होतो असेही नाही. यंत्र बिघडू शकते, वाहनाचा क्रमांक चुकीचा वाचला जाऊ शकतो, फलक झाडीत दडू शकतो. कोणी प्रश्नच विचारला नाही, तर या चुका वर्षानुवर्षे तशाच राहतील आणि ज्या यंत्रणेने जीव वाचवायचे तिच्याकडे लोक वसुलीची पेटी म्हणून पाहू लागतील.

आणखी एक मुद्दा अधिक मोलाचा आहे. चालकाला अतिवेगाने वाहन हाकण्यास लावणारा मालकही १८३ व्या कलमान्वये दंडास पात्र आहे. मर्यादा पाळून पुरे होऊच शकणार नाही असे वेळापत्रक जो जाहीर करतो किंवा तसा आदेश देतो, त्याच्याविरुद्ध ते वेळापत्रकच प्रथमदर्शनी पुरावा मानले जाते. दिवसाला इतक्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत असे बजावणारा गाडीमालक घरी बसतो आणि चलान चालकाच्या पगारातून कापले जाते, हे चित्र सर्वत्र दिसते. संगणकावर पैसे भरून हा मालक कधीच सापडणार नाही. चालक न्यायालयात उभा राहून बोलला, तरच त्याच्यापर्यंत हात पोहोचेल.

न्याय डोंगर चढू शकतो

उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात असलेल्या ग्रामन्यायालय कायद्यात, न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावांत जाऊन फिरते न्यायालय भरवावे अशी तरतूद आहे. मोलगीच्या बाजाराला भोवतालच्या पाड्यांतील माणसे येतातच. त्या दिवशी तेथे वाहतुकीच्या तक्रारींची सुनावणी ठेवली, तर कोणाचीही मजुरी वेगळी बुडणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्नाचा विचार न करता, मोफत विधिसाहाय्याचा हक्क दिला आहे. चलानाच्या कागदावर हे वाक्य ठळक अक्षरांत छापण्यास कोणता खर्च येतो? नोटीस संदेशावर न सोडता ग्रामपंचायतीतही पोहोचावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमाने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालविण्यास वाट करून दिली आहे. कबुलीसाठी पडदा चालतो, तर बचावासाठी का चालू नये?

दंडाच्या रकमेचाही केव्हातरी विचार व्हावा. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाशी निगडित दंडाची पद्धत आहे आणि गंभीर अतिवेगासाठी धनिकाला तेथे अवाढव्य रक्कम मोजावी लागते. आपल्याकडे लाखोंच्या मोटारीत बसणारा आणि मजुरी करून जुनी गाडी घेणारा यांना एकच मोजमाप लागू आहे. पहिल्याला दंड बोचत नाही. दुसऱ्याचा आठवडा जातो.

सातपुड्यातील पाड्यांवर तंटा झाला तर पंच बसतात आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात. त्या पद्धतीचे दोष अनेक असतील. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्याकडून दंड वसूल करणे तिला मान्य होणार नाही. आधुनिक कायद्याने त्या जुन्या रीतीहून पुढे जायचे आहे, मागे नव्हे. वेगाला लगाम हवाच, आणि तो कठोर हवा. परंतु लगाम ओढणाऱ्या हाताला जाब विचारण्याची सोय काठीच्या माणसालाही मुंबईच्या माणसाइतकीच असली पाहिजे. ती जोवर नाही, तोवर भरलेल्या चलानांचा आकडा हा वसुलीचा आकडा राहील. त्यातून किती अपराध सिद्ध झाले हे मात्र कोणालाही सांगता येणार नाही.