विश्लेषण : सिग्नलला जुनी गाडी थरथरते, दोष ‘ई-२०’चा की माउंटिंगचा?

सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. रेस दिली की थरथर थांबते. जुन्या पेट्रोल गाड्यांची ही तक्रार नवी नाही. पण २० टक्के इथेनॉलमिश्रित ‘ई-२०’ पेट्रोल आल्यापासून दोष थेट इंधनाला दिला जातो. तो कितपत खरा?

वाद काय?

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ‘ई-२०’ला सुसंगत आहेत, त्याआधीच्या गाड्यांबाबत शंका आहेत. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे.

इंधनाचा संबंध कुठे?

एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवे. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू ते वाढवतो. कार्बोरेटरला ही सोय नाही. तिथे आयडलिंग बिघडू शकते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते आणि टाकीतला जुना गाळ सुटा करते, त्यामुळे फिल्टर तुंबू शकतो.

दोष कसा ओळखायचा?

* आरपीएमचा काटा ७०० ते ९००च्या दरम्यान स्थिर, आवाज एकसारखा, तरी गाडी थरथरते : इंजिनचे माउंटिंग तपासा. त्याचे रबर वर्षांगणिक कडक होते, तडकते.
* काटा वरखाली होतो : थ्रॉटल बॉडीतला कचरा किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाइप.
* एकच सिलिंडर ‘मिसिंग’ : प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर. इंधन खराब असेल तर परिणाम सहसा सगळ्याच सिलिंडरवर दिसतो.

आधी काय करावे?

एअर फिल्टर, प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई ही स्वस्त कामे आधी करा. मग स्कॅनर लावून नोंदी पाहा आणि त्यानंतरच महागडे भाग बदला. नुसते आयडलिंग वाढवून घेतल्यास थरथर झाकली जाते, दोष तसाच राहतो आणि पेट्रोल जास्त जळते. ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करू शकते.