अंगठा कशावर घेतला?

‘मला दिवस गेलेत,’ असं बाईनं सांगितलं, की मराठी कानाला ती गरोदर असल्याचं लगेच कळतं. परराज्यातून नुकत्याच आलेल्या निवासी डॉक्टरला मात्र ‘दिवस’ आणि ‘गेले’ एवढंच ऐकू येतं, आणि एक्स-रेची चिठ्ठी लिहून होते. ‘अंगावर काढलं’, ‘अंगावरून जातंय’, ‘बाळ अंगावर पितं’ ही तिन्ही वाक्यं ‘अंगा’चीच. पण एकात उपचाराला झालेला उशीर आहे, दुसऱ्यात स्राव, तिसऱ्यात स्तनपान. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्या मुलांचा यात दोष नाही. त्यांना हे शिकवायला कुणी बसलेलंच नाही. एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात पायाभूत वर्गात भाषेला ४० तास ठेवले होते, तेही संगणकासकट!

पण आपण मराठी बोलणारे डॉक्टर यातून सुटलो, असं कुणी समजू नये. आपण बोलतो मराठी आणि कागद देतो इंग्रजी. संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवही जातो. हे ठाऊक असूनही डिस्चार्ज कार्डावर आपण इंग्रजीत ‘वीकली’ लिहितो आणि पुढची जबाबदारी औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यावर सोडतो. ‘फक्त रविवारी’ हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?

संमतीपत्राची तर आणखी कथा. ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर, इंग्रजी छापील कागदावर अंगठा. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की आजार काय, उपाय काय, पर्याय कोणते, धोके कोणते, नकार दिला तर काय होईल, हे पुरेसं सांगून घेतलेली संमती हीच संमती. त्या प्रकरणात तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय आईची परवानगी घेऊन काढले होते. रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. ती परवानगी न्यायालयानं मानली नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी, असं म्हटलं आहे. न वाचता येणाऱ्या कागदावरचा अंगठा आपल्यालाही कोर्टात वाचवणार नाही, हे स्वार्थ म्हणून तरी लक्षात घ्या.

दुभाषा कोण, हा प्रश्न आपण विचारतच नाही. वॉर्डातल्या मावशी, मामा, नाहीतर शाळेतली नात. आजीच्या पाळीबद्दल, आईच्या गर्भपाताबद्दल त्या पोरीनं काय विचारायचं आणि काय सांगायचं? अमेरिकेत २०१६च्या नियमानं तातडीचा प्रसंग सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषा करण्यावर बंदी घातली. तिथली रुग्णालयं याबाबत ठेच लागून शहाणी झाली. १९८० साली फ्लोरिडात क्यूबन कुटुंबानं बेशुद्ध मुलाबद्दल ‘इंतोक्सिकादो’ म्हटलं, म्हणजे खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी अर्थ घेतला तो नशेचा. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो वेळेत कळला नाही आणि १८ वर्षांचा तरुण कायमचा चारही अवयवांनी लुळा झाला. गंमत अशी, की इंग्रजी येणारी माणसं त्या खोलीत होती. आपल्याला समजलंय, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

आपल्याकडे मेळघाटात कोरकू आहे, भामरागडला माडिया, नंदुरबारला भिलीच्या बोली. तिथे मराठीसुद्धा परकी. १९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. त्यांनी ती स्टेथोस्कोपइतकीच कामाची वस्तू मानली. प्रत्येकाला हे जमणार नाही, मान्य. पण जिथे जमत नाही तिथे नीट प्रशिक्षण दिलेला, पगार मिळणारा आणि गुपित राखणारा दुभाषा हा रुग्णालयाच्या खर्चाचाच भाग हवा, भूलतज्ज्ञासारखा.

तोवर एवढं करा. आपल्या दवाखान्यातलं मराठी संमतीपत्र, असलं तर, उद्या मावशींना मोठ्यानं वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील तिथे खूण करा आणि तो शब्द बदला. बदललेली पत्रं आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकांत छापू. कोरकू किंवा माडियातलं एखादं आलं, तर ते पहिल्या पानावर.